तापाच्या कागदावर सरकारचा शिक्का हवा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : किमो चालू असलेल्या लहान मुलांच्या तापाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या बाजूला राहते, शाळांचे गणवेश शिवते. आमचे हे यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात. डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या धाकट्या लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाला. तेव्हा ती चार वर्षांची होती. कागदावर नाव लिहिलं होतं अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डातल्या आम्ही आया त्याला नुसतं एएलएल म्हणायचो. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि उपचार नीट, पूर्ण झाले तर बहुतेक मुलं यातून बरी होतात. माझी लेकही बरी झाली. शाळेत जाते, भावाशी भांडते. तरी २०२० च्या जुलैमधली एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्या रात्रीबद्दलच आपल्याला लिहायचं आहे.

सोलापुरात तेव्हा कडक लॉकडाऊन होता. रात्री साडेदहाच्या सुमारास लेक न जेवताच माझ्या कुशीत येऊन झोपली आणि तिचं अंग मला पोळलं. थर्मामीटर लावला, १०१.२. तीनच दिवसांपूर्वी रक्त तपासलं होतं. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ३२० आला होता. हा आकडा पाचशेच्या खाली गेला की मूल उघड्यावर पडल्यासारखं असतं. किमो कॅन्सरच्या पेशी मारते तशाच या पेशीही मारते. मग आपल्याच तोंडातला, आपल्याच पोटातला साधा जंतू रक्तात उतरला तरी अडवायला कुणी नसतं. पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू धरायलाही त्याच पेशी लागतात. कळायला खूण बहुधा एकच, ताप. परळला टाटामध्ये आम्हाला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं : ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, निघायचं, आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे.

आम्ही मोटारसायकलवर निघालो. चौकात पोलिसांनी अडवलं. मी फाईल पुढे केली, लेकीच्या डोक्यावरचा रुमाल काढला. त्या पोलिसाने स्वतः बॅरिकेड सरकवलं आणि म्हणाला, "जा ताई, थांबू नका."

पहिल्या रुग्णालयाच्या गेटवर तापाची बंदूक कपाळाला लावली आणि सांगितलं, ताप आहे, तिकडे फीवर ओपीडीला जा, स्वॅब द्या, रिपोर्ट उद्या येईल, मग बघू. मी फाईल उघडून दाखवत होते. सत्तर-ऐंशी पानांची, प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल. पहिल्याच पानावर मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र होतं, इंग्रजीत. रात्री अकराला गेटवर कोण वाचणार ते? दुसरीकडे सांगितलं की लहान मुलांचा वॉर्ड बंद आहे, स्टाफ क्वारंटाइन आहे. मधे पाऊण तास फोनाफोनीत गेला. पुन्हा पहिल्या ठिकाणी गेलो, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर बाई पीपीई किटमध्ये गेटपर्यंत आल्या, ट्यूबलाइटखाली उभ्या राहून पत्र वाचलं आणि लेकीला उचलून आत घेतलं. आधी रक्त काढलं, सलाईन लावलं, औषध सुरू केलं, स्वॅब त्यानंतर घेतला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सव्वातीन वाजले होते.

कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. रक्ताच्या कल्चरमध्ये मात्र जंतू सापडला. अकरा दिवस आम्ही तिथे होतो. तिसऱ्या दिवशी तिचं ब्लड प्रेशर उतरलं, त्या रात्रीचं मी लिहीत नाही.

साहेब, पहिल्या गेटवरच्या त्या माणसावर माझा राग नाही. त्या महिन्यांत तापाचा एकच अर्थ होता आणि तोच त्याला शिकवला होता. तापाचा रुग्ण दिसला की बाजूला काढा, हाच त्याला मिळालेला हुकूम. माझ्या लेकीचा ताप वेगळा आहे, हे त्याला कुणीही, कुठल्याही परिपत्रकात सांगितलेलं नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याच्या सूचना काढल्या होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. दिल्लीतली ती सूचना सोलापूरच्या गेटपर्यंत पोचलीच नाही.

घरी आल्यावर मी एक काम केलं. कापडाच्या ताग्यात निघतो तो पुठ्ठा घेतला, हाताएवढा कापला आणि जाड मार्करने मराठीत लिहिलं :

"ही मुलगी कॅन्सरच्या किमोवर आहे. हिच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी फार कमी आहेत. ताप असेल तर रक्त कल्चरला घ्या आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा. कोरोनाचा स्वॅब त्याच वेळी घ्या, पण रिपोर्टसाठी थांबू नका."

खाली मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर. त्याखाली पेन्सिलने एएनसी आणि तारीख, म्हणजे दर आठवड्याला नवा रिपोर्ट आला की खोडरबराने पुसून नवा आकडा लिहायचा. तो पुठ्ठा आजही माझ्याकडे आहे. पेन्सिलीच्या जागी घासून घासून पापुद्रा निघालाय.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा ताप आला तेव्हा गेटवरच्याने पुठ्ठा वाचला आणि धावत आत गेला. वीस मिनिटांत सलाईन लागलं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तोच पुठ्ठा दाखवला तर काउंटरवरून प्रश्न आला, "हे तुम्हीच लिहिलंय ना? यावर शिक्का कुठाय?"

मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

तो शिक्का मला आपल्याकडून हवा आहे.

आपल्या खात्याला हे जड नाही, आणि का नाही ते सांगते. २ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता तीच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली आहे. या योजनेने माझ्या लेकीच्या उपचारांचा मोठा भार उचलला, ते मी विसरणार नाही. या योजनेत किमो मंजूर करायची तर मुलाचं नाव, वय, गाव, आजार सगळं नोंदलं जातं. रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, आमच्याकडून कागद घेतो, फोटो घेतो. म्हणजे यातल्या कितीतरी मुलांची यादी सरकारजवळ आधीच आहे. ज्या दिवशी किमोची मंजुरी येते, त्याच दिवशी आरोग्यमित्राने आईच्या हातात छापील, शिक्का मारलेलं तापाचं कार्ड द्यावं. जी मुलं योजनेत नाहीत त्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून मिळावं. १०८ च्या माणसांना, गेटवरच्या सुरक्षारक्षकांना, फीवर ओपीडीच्या नर्सना त्या कार्डाचा रंग ओळखीचा व्हावा. मराठीत असावं, आणि आमच्या सोलापुरात कानडी आणि तेलुगूतही असावं. आमच्या शेजारच्या विडी कामगार बायकांना घरी तेलुगूच जवळची.

कार्ड दाखवल्यावर दार उघडायलाही हवं. मे २०२० मध्ये राज्य सरकारने एका आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा आपल्या ताब्यात घेतल्या. तेव्हा ते गरजेचंच होतं. पण तशाच एका आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात एक रुग्णालय आधीच ठरवून ठेवता येईल : साथ कुठलीही येवो, किमोवरच्या मुलांसाठी दोन वेगळ्या खाटा तिथे रात्रंदिवस राखलेल्या असतील, आणि अँटिबायोटिक आधी, रिपोर्ट नंतर, हे भिंतीवर लिहिलेलं असेल. ते नाव कार्डाच्या मागे छापा. मग रात्री साडेदहाला मोटारसायकल कुठे वळवायची, हा प्रश्न कुणाला पडणार नाही.

आणखी एक बोलायचं आहे, प्रवासाबद्दल. आधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी दादर, तिथून परळ. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला तिकिटात सवलत देते, सोबतच्यालाही देते. पण मार्च २०२० मध्ये रेल्वेच थांबली. मग ई-पास काढायचा, गाडी ठरवायची. सोलापूर-मुंबई-सोलापूर एका फेरीला आमचे साडेअकरा हजार गेले. आमच्या यांचा आठवड्याचा पगार तेव्हा अडीच हजार होता, तोही कारखाना चालू असताना. शाळा बंद म्हणून माझ्याकडे गणवेश नाहीत, लॉकडाऊन म्हणून यांचे माग बंद. थोरल्याला चार महिने आजीकडे गावी ठेवला. गळ्यातलं मोडलं. अशा वेळी वॉर्डातल्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी उपचार मधेच सोडले. त्यांचं मुलांवर प्रेम कमी होतं, असं कुणी म्हणू नये.

एएलएलचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, आणि त्यातला मोठा काळ मेंटेनन्सचा, म्हणजे आटोक्यात आलेला आजार परत येऊ नये म्हणून औषधं चालू ठेवण्याचा असतो. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, मधूनमधून रक्त तपासणी, आणि ठरावीक अंतराने शिरेतलं आणि मणक्यातलं इंजेक्शन. गोळ्या घरी देता येतात. रक्त सोलापुरात तपासता येतं. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यामुळे आम्ही रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचो आणि मुंबईचे डॉक्टर फोनवर सांगायचे, "या आठवड्यात गोळी अर्धी करा." घरात स्मार्टफोन एकच. थोरला गावाहून परत आल्यावर त्याची ऑनलाइन शाळा आणि डॉक्टरांचा फोन एकाच वेळी यायचे. तो बिचारा मुकाट्याने वर्ग बंद करून फोन माझ्या हातात द्यायचा. त्या वर्षी तो गणितात मागे पडला तो पडलाच.

राहतं ते इंजेक्शन. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शीला कॅन्सरचं रुग्णालय आहे. लहान मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर महिन्यातून दोन दिवस जरी इथे आले आणि इथल्या दोन नर्सना औषध बनवायचं, पोर्ट, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी, हाताळायचं शिक्षण दिलं, तर मेंटेनन्समधल्या मुलांना चारशे किलोमीटर जावं लागणार नाही. अवघड टप्प्यासाठी आम्ही मुंबईला जाऊच, त्याला ना नाही. पण दहा मिनिटांच्या इंजेक्शनसाठी काउंट कमी असलेलं मूल गर्दीतून नेणं साथ नसतानाही बरं नाही. जिल्ह्यात ही सोय आधीपासून चालू असेल तरच साथीत ती टिकेल. साथ आल्यावर बांधायला घेतली तर कुणाच्याच उपयोगाची नाही.

पुढची साथ कधी येईल, कशी असेल, ते मला सांगता येणार नाही. ती आली तर त्यातही ताप असेल एवढं मात्र वाटतं, आणि गेटवर पुन्हा कुणीतरी बंदूक घेऊन उभा असेल. त्याला दोन तापांतला फरक आतापासून शिकवून ठेवावा, ही विनंती.

सोबत माझ्या पुठ्ठ्याची झेरॉक्स जोडली आहे. तसाच्या तसा छापा असं माझं म्हणणं नाही, मजकूर आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. पेन्सिलीची जागा तेवढी ठेवा, आकडा दर आठवड्याला बदलतो. उजव्या कोपऱ्यात खाली मी शिक्क्यापुरती मोकळी जागा सोडली आहे.

आपली विश्वासू,
एक आई
सोलापूर