पोस्ट टाकली म्हणून ११८० रुपये परत, ज्यांनी टाकली नाही त्यांचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मावशी इथल्याच एका सूतगिरणीत कामाला होती, पगाराचं खातं गिरणीनंच काढून दिलेलं, झिरो बॅलन्सचं. गुडघे दुखायला लागले म्हणून तिनं काम सोडलं आणि खातं तसंच राहिलं. काही महिने पगार आला नाही की असलं खातं गुपचूप साधं सेव्हिंग होतं आणि मग त्याला मिनिमम बॅलन्स लागतो, हे तिला कोण सांगणार? आधार त्याच खात्याला जोडलेलं, त्यामुळं लाडकी बहीणचे दीड हजार तिथंच पडले. पैसे काढायला गेली तर शिल्लक ३२० रुपये. पासबुक भरून आणलं, त्यात ५९०, ५९० अशा दोन एंट्र्या, म्हणजे एका तिमाहीचा पाचशे दंड आणि वर १८ टक्के जीएसटीचे ९०. दंडावर पण टॅक्स, म्हणजे बघा! खातं मायनसमध्ये दाखवत नाहीत, पण बाकी मागं लावून ठेवतात आणि पैसे आले रे आले की उचलतात.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, सिस्टिमनं कापलंय, आमच्या हातात काही नाही." मावशी म्हणाली, "मग तुमच्या सिस्टिमला बोलवा की बाहेर." सगळे हसले, काम काही झालं नाही.

माझी लेक पुण्याला शिकते. तिनं रात्री एक्सवर पासबुकचा फोटो टाकला आणि बँकेला टॅग केलं (पहिल्या फोटोत खाते नंबर दिसत होता, मी ओरडल्यावर काढून, काळं करून परत टाकला). तासाभरात बँकेचं उत्तर, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, डिटेल्स द्या. शाखेत आम्ही तीन चकरा मारल्या तेव्हा दिलगिरी कुठल्या कपाटात होती कुणास ठाऊक. आणि त्याच पोस्टखाली अजून एक "कस्टमर केअर" उगवला, बँकेचंच नाव, बँकेचाच लोगो, फक्त स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. रिफंडसाठी हे अॅप टाका आणि मोबाईल नंबर द्या म्हणे. लेकीच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर उरलेले ३२० पण गेले असते. तक्रार करणाऱ्यांच्या मागावर हे लोक चोवीस तास बसलेले असतात, हे मात्र तुमच्या पेपरात मोठ्या अक्षरात यायला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी ११८० परत जमा. चौथ्या दिवशी शाखेतून फोन, "मॅडम, पैसे आले ना, आता तेवढी पोस्ट काढून टाका." आम्ही काढली नाही.

कारण मावशीच्या गल्लीत चौघींचे असेच पैसे गेलेत, त्याच गिरणीतल्या, त्याच बँकेच्या. त्यांच्याकडं ना एक्स ना इंस्टा, एकीकडं तर अजून बटनाचाच फोन. त्यांना काउंटरवर अजून सिस्टिमच दाखवतात. म्हणजे पैसे नियमानं परत दिलेच नाहीत, बोभाटा नको म्हणून दिले. ज्याच्या घरात टाइप करणारं पोरगं आहे त्याला रिफंड, बाकीच्यांना सिस्टिम.

तरी सोशल मीडियाचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरातल्या नव्या खात्यांसाठी मिनिमम बॅलन्स दहा हजारावरून एकदम ५०,००० केला, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले की किती ठेवायचा हे बँकांनी ठरवायचं, पण लोकांनी नेटवर असा काही धुरळा उडवला की १३ ऑगस्टला बँक १५,००० वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, नंतर लक्षात आलं की आधी दहाच हजार होता की! तुळशीबागेत पाचशे सांगून दीडशेला देतात आणि आपण जिंकल्याच्या खुशीत घरी येतो, तसलाच प्रकार. स्टेट बँकेचं जरा वेगळं झालं. २०१७ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर तिनं ह्या दंडातून १,७७१ कोटी गोळा केले, जुलै-सप्टेंबर तिमाहीचा नफा होता १,५८१ कोटी. हा आकडा पेपरात छापून आला, मग लोकांनी तो व्हॉट्सअॅप फेसबुकवर फिरवला, दंड आधी कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये मिनिमम बॅलन्सची अटच गेली. २०२५ मध्ये कॅनरा, पीएनबी, बँक ऑफ बडोदा अशा बऱ्याच सरकारी बँकांनी पण काढून टाकली.

आमच्या पोस्टवर नुसत्या शिव्या असत्या तर काय झालं असतं माहीत नाही, पण लेकीनं रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं सर्क्युलर शोधून जोडलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय, बॅलन्स कमी झाला की आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल नाहीतर पत्रानं कळवायचं, भरायला महिनाभर द्यायचा, दंड जेवढे पैसे कमी पडले त्याच्या टक्क्यात आणि नुसत्या दंडापायी खातं मायनसमध्ये जाता कामा नये. मावशीला असा कुठलाच निरोप आला नव्हता. आणि २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते पडले तेव्हाही बँकांनी असेच कापले होते, सरकारनं कापू नका म्हणून सांगितलं होतं, तरी परत तेच.

आता आम्ही त्या चौघींचे अर्ज मराठीत लिहून, सर्क्युलरची झेरॉक्स जोडून शाखेत दिलेत. आधी घेतच नव्हते, लेकीनं फोन बाहेर काढून व्हिडिओ चालू केल्यावर इनवर्डचा शिक्का बसला. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं सीएमएस पोर्टलवर, म्हणजे त्यांच्या तक्रारीच्या वेबसाइटवर, तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही, माहिती विचारायला १४४४८ नंबर आहे. एवढी एक चौकट तुमच्या आवृत्तीत छापाल का? पोस्ट न वाचणाऱ्या बायका पण पेपरच्या कागदात बांधून आलेली भजी खाताना तेवढं वाचतात, खरंच सांगते.

आमचे तीस दिवस पुढच्या गुरुवारी भरतात. शुक्रवारी सकाळी आम्ही सहाजणी शाखेत जाणार आहोत, मावशी पण येणार म्हणते, तिचे पैसे मिळालेत तरी.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी