गाठीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका

संपादक साहेब,

मी गेली 22 वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याच्या स्लाईड बनवायचं काम. मागे एका मुलीच्या मानेतली गाठ काढून सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात, टाकून आमच्याकडे आली. रिपोर्ट आला ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा पुंजका), टीबी असू शकतो, कल्चर करून, म्हणजे तुकड्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून, खात्री करा. आता कल्चर कशाचं करणार? फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मेलेला जंतू काही वाढत नाही. आम्ही टीबीचा स्टेन पण केला, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून स्लाईडला खास रंग दिला, त्यात काही दिसलं नाही, गाठीच्या टीबीत बऱ्याचदा दिसतच नाही. तिची आई काउंटरवर विचारत होती, परत कापायचं का हो? मला बोलवेना.

फॉर्मॅलिन वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, त्याच्याशिवाय तुकडा सडतो. 10 टक्क्यांचं फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट पाहिजे, मग प्रोसेसिंग, मेणाचा ब्लॉक, मायक्रोटोम मशीनवर 3-4 मायक्रॉनचे अगदी पातळ काप आणि वर हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हे दोन रंग, की पेशीचं केंद्रक निळं आणि बाकीचं गुलाबी दिसतं. कॅन्सर आहे की नाही ते त्यावरच कळतं. काहीजण उलट करतात, सगळा तुकडा सलाईनमध्ये घालून दुसऱ्या दिवशी पाठवतात, तोवर पेशी खराब झालेल्या असतात, मग रिपोर्ट देणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम तरी काय वाचणार त्यात.

म्हणून टीबीची जरा जरी शंका असेल तरी दोन डब्या करा ना. मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये, छोटा तुकडा स्टराईल सलाईनमध्ये, आणि तो त्याच दिवशी सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) आणि कल्चरला गेला पाहिजे. सीबीनॅट मशीन साधारण दोन तासात टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का ते सांगतं, सरकारी टीबी सेंटरला ही टेस्ट फुकट आहे. कल्चरला मात्र सहा आठवडे पण लागू शकतात. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं नसतं, त्यामुळे दोन्ही पाठवा.

नातेवाईकांनी पण ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारावं, सलाईनमध्ये वेगळा तुकडा ठेवणार का म्हणून. एकदा सगळं फॉर्मॅलिनमध्ये गेलं की आम्ही कितीही धुतलं तरी कल्चर होत नाही.

– एक लॅब टेक्निशियन, सांगली