मुलाखतीचा सराव की देखाव्याचा?

महोदय,

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागात स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी चालणाऱ्या मुलाखत-वर्गांविषयी थोडे लिहावेसे वाटते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. त्यामुळे खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलामुलींनी धास्तावून अशा वर्गांकडे धाव घ्यावी, हे समजण्यासारखे आहे.

मात्र अनेकदा सराव-मुलाखतीत खुर्चीत किती टेकावे, बोटे कशी गुंफावीत, चेहऱ्यावर हसू किती ठेवावे, यावरच भर दिला जातो. आणि त्याच उमेदवाराला स्वतःच्या तालुक्यातील पाणीयोजना का रखडली, असे विचारले की घोटून घेतलेला सारा रुबाब उतरतो. आयोगाची अधिसूचना बौद्धिक सजगता, तर्कशुद्ध मांडणी, समतोल निर्णयशक्ती आणि नैतिक सचोटी यांचा उल्लेख करते. नजर न चोरता बोलण्याची सवय उपयोगी आहेच (आवाज पडला तर चांगले उत्तरही वाया जाते), पण अनुभवी मंडळाचा विश्वास ‘हे मला ठाऊक नाही’ असे न अडखळता सांगणारा उमेदवार लवकर मिळवतो, असे माझे मत आहे.

वर्गचालकांनी उमेदवाराचा सविस्तर अर्जच समोर ठेवून त्यातील जिल्हा, पदवी आणि छंद यांवर उलटसुलट प्रश्न विचारावेत, तसेच मराठीतून मुलाखत देण्याचा पर्याय असतो, हेही आवर्जून सांगावे. इंग्रजी उच्चार घोटण्यात जाणारे कित्येक दिवस त्यामुळे वाचतील.

– एक वाचक, पुणे