सिस्टर, तुम्ही कामं वाटून द्यायला शिकवलंत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम उघड लिहितेय. आपल्या किनारपट्टीवर दातांचे दवाखाने गावोगाव झालेत. तुम्ही आम्हाला काय शिकवलंत, ते तिथे काम करणाऱ्यांच्याही कानावर जावं म्हणून.

डेंटल हायजिनिस्टच्या, म्हणजे दवाखान्यात दात साफ करून देणारीच्या, दोन वर्षांच्या डिप्लोमात इमर्जन्सीचा भाग पुस्तकात होताच. ‘सिन्कोपी म्हणजे काय?’ यावर, म्हणजे भोवळ येऊन शुद्ध जाण्यावर, आम्ही सगळ्याच सुबक टीप लिहायचो. तुम्ही कॅज्युअल्टीतली नोकरी संपवून शिकवायला आलात आणि पहिल्याच तासाला वह्या मिटायला लावल्यात. “पेशंट बोलायचा थांबलाय. कोण काय करणार?” एवढंच विचारलंत. सगळ्या जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मग प्रत्येकीला काम ठरवून दिलंत. एकीनं तोंडातलं सगळं काढून खुर्ची आडवी करायची आणि पाय वर घ्यायचे. पेशंट गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. दुसरीनं ऑक्सिजन आणि औषधांचा डबा आणायचा. तिसरीनं 108 ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून आहे, पण आपल्याकडे पत्ता म्हणजे अमकी वाडी, तमक्या देवळाच्या मागे. म्हणून फोन झाला की एका माणसाला हमरस्त्याच्या फाट्यावर उभं करायचं, हे तुम्ही घोकून घेतलंत. छापील पुस्तकात फाटा कुठून असणार!

ऑक्सिजनची चावी सिलेंडरलाच दोरीनं बांधायची, हेही तुमचंच. खाऱ्या हवेनं चावी गंजते, म्हणून दर सोमवारी ती फिरवून बघायची, काटा बघायचा आणि डब्यातल्या एक्स्पायरी वाचायच्या. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देणं डॉक्टरांचं काम. पण मोठ्या माणसाला जोराची ॲलर्जी झाली तर 1:1000 चं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, हे पाठ हवं आणि भरलेली सिरिंज मागण्याआधी त्यांच्या हातात हवी. सलाईनच्या ॲम्प्युल फोडून फोडून आमची बोटं कापली, तरी तुम्ही थांबला नाहीत.

छाती दाबण्याचा सरावही डमीवर दोनदा हात ठेवून फोटो काढण्यापुरता नव्हता. (तसली सर्टिफिकेटं भिंतीवर पुष्कळ दिसतात.) खुर्ची पूर्ण खाली, पाठीखाली स्टूल, म्हणजे दाबताना ती हलत नाही. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120, तीस वेळा दाबून दोन श्वास. हात भरून आले की माणूस बदलायचा, ताल मोडायचा नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते नातेवाइकांचं. कुणाला फिट आली की कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल हुंगवायला धावतो, कोणी दातांत चमचा घालू बघतो. आम्ही त्यांच्यावर ओरडू, असं तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही सांगितलंत, “ओरडू नका, काम द्या. ‘काका, घड्याळ बघा, किती मिनिटं झाली ते मला सांगा.’” आमच्या दवाखान्यात हे करून पाहिलंय. काका खरंच घड्याळाला चिकटतात, आपल्याला जागा मिळते आणि पाच मिनिटं उलटली की नाही हेही कळतं.

मागच्या आषाढीला एक काकू स्केलिंगला, म्हणजे दातांवरचा थर काढून घ्यायला, आल्या होत्या. शुगरची गोळी घेतलेली, आणि एकादशी म्हणून पोटात फक्त चहा. अर्ध्यावर त्यांनी माझा हात धरला, “माका गरगरता गो.” तळहात ओला आणि गार. डॉक्टर आतल्या खोलीत दाढ काढत होते. मी हाक मारली, पण त्यांची वाट बघत बसले नाही. शुगर 54 निघाली. काकू शुद्धीवर होत्या, नीट गिळत होत्या, म्हणून पाठ उभी करून पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पाजलं. पंधरा मिनिटांनी शुगर 88. मग आधी ‘उपास मोडला’ म्हणून त्या माझ्यावर रुसल्या. आता मात्र स्केलिंगला येताना स्वतःच सांगतात, “खाऊन इलंय.”

बसवण्याआधी ‘सकाळी काय खाल्लंत, कुठल्या गोळ्या घेतल्यात’ हे विचारायची सवय तुम्हीच लावलीत. त्या दिवशी विचारलं होतं, आणि काकूंनी “खाल्लाय मा!” असं ठोकून दिलं होतं. म्हणून आता मी ‘काय’ आणि ‘किती वाजता’ दोन्ही विचारते.

गणपतीनंतर आमच्या दवाखान्यात दोन नव्या मुली शिकायला येणार आहेत. त्यांचा सराव डॉक्टरांनी माझ्याकडे सोपवलाय. डब्याची यादी तुम्हाला वेगळी पाठवलीय: ॲड्रेनलिन, ॲस्पिरिन, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, दम्यासाठी सालब्युटामोलचा पंप, ग्लुकोज. पंपासोबत स्पेसरही (पंपाला जोडायची नळी) ठेवावा असं मला वाटतं. यादी एकदा डोळ्यांखालून घाला आणि काय राहिलं ते कळवा. सराव घ्यायला एखाद्या शनिवारी आलात तर आणखी बरं. एसटी स्टँडवर घ्यायला मी येईन.

आपली विद्यार्थिनी,
देवगड