तारण म्हणजे ग्रेस मार्क नव्हेत

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती धर्मातील तारणाविषयी, म्हणजे पापातून सुटून देवाजवळ जाण्याविषयी, आलेला लेख वाचला. लेखकाने दोन वाक्यांत निकाल लावला आहे. प्रॉटेस्टंट म्हणतात नुसता विश्वास ठेवा, मग कसेही वागा. कॅथलिक म्हणतात चांगली कामे करा आणि स्वर्ग मिळवा. शेवटी दोघांनाही सल्ला : थोडे हे करावे, थोडे ते करावे, बाकी देव सांभाळून घेतो.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षे पेपर तपासले. या ‘सांभाळून घेण्या’ला शाळेत काय म्हणतात ते मला पक्के ठाऊक आहे. ग्रेस मार्क. पोराने आपल्या बळावर जमतील तेवढे गुण मिळवायचे, दोन-तीन कमी पडले की परीक्षकाने मोठ्या मनाने चढवायचे. कृपा म्हणजे हेच, अशी समजूत पुष्कळ ख्रिस्ती लोकांचीही असते. कुणी वारले की ‘फार भला माणूस होता, स्वर्गातच गेला असणार’ असे आपण म्हणतो, तेव्हा मनातल्या मनात गुणांची बेरीजच चाललेली असते.

गंमत अशी की ही बेरीज दोन्ही बाजूंनी केव्हाच खोडून ठेवली आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा धर्मोपदेशक शिकवत होता की माणसाने मनावर घेतले तर तो आपल्या इच्छाशक्तीने पापावाचून जगू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. पुढे काहींनी मधला मार्ग काढला : पहिले पाऊल माणसाचे, पुढचे देवाचे. म्हणजे अगदी ग्रेस मार्कच. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने तोही फेटाळला. विश्वासाची सुरुवातसुद्धा माणसाची कमाई नाही, तीही कृपाच, असे तिने सांगितले. तेव्हा ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला तो जर्मन धर्मसुधारक ल्यूथर जन्मायला साडेनऊशे वर्षे होती.

कॅथलिकांना ‘कर्मवाले’ ठरवणाऱ्यांनी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचा जानेवारी १५४७ मधला ठराव उघडून पाहावा. ल्यूथरच्या शिकवणीला उत्तर म्हणूनच तो झाला. त्यात तेहेतीस निषेधकलमे आहेत आणि त्यांतले अगदी पहिलेच, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान, म्हणजे निर्दोष, ठरतो असे म्हणणाऱ्याविरुद्ध आहे. कृपा फक्त काम सोपे करण्यापुरती मिळते, असे म्हणणाऱ्याविरुद्ध दुसरे. नववे कलम मात्र ‘केवळ विश्वासाने’ या शिकवणीविरुद्ध आहे, आणि तिथे खरी ठिणगी आहे. ती नाही असे मी म्हणत नाही.

ही ठिणगी मी घरात पाहत मोठी झाले. वडील प्रॉटेस्टंट, आई कॅथलिक घरातली. वडिलांच्या बायबलात प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय लाल पेन्सिलीने इतक्यांदा अधोरेखित झाला होता की कागद खालून फुगीर लागायचा. नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या नियमांच्या, कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, हे अठ्ठाविसावे वचन. वडील ते मोठ्याने वाचत आणि ‘विश्वासाने’ला हटकून ‘च’ जोडत. विश्वासाने*च*. हा ‘च’ त्यांचा नव्हता. १५२२ साली बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणताना ल्यूथरने इथे ‘अलाइन’ म्हणजे ‘केवळ’ हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. टीका झाली, तेव्हा १५३० मध्ये अनुवादाविषयी लिहिलेल्या खुल्या पत्रात त्याने ठणकावले की हा शब्द ग्रीकमध्ये नाही हे मलाही कळते, पण जर्मन माणूस असेच बोलतो आणि पौलाचा अर्थही तोच आहे. मराठीत एका अक्षरात भागले असते.

आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची : “अहो, तुमचा तो ‘च’ शास्त्रात एकदाच येतो, आणि तोही ‘नव्हे’च्या शेजारी.” हेही खरे. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द जोडून येतात ते नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातच, दुसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात, आणि तिथे वाक्य नकारार्थी आहे. ल्यूथरने १५२२ च्याच प्रस्तावनेत या पत्राला ‘गवताचे पत्र’ म्हटले होते. आई ते विसरायला तयार नव्हती.

लेखकाने पौल आणि याकोब यांना आखाड्यात उतरवले आहे, म्हणून थोडे सविस्तर. दोघेही साक्षीला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम यालाच बोलावतात. पौलाचा भर बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायावर : अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून धरला गेला. याकोब तेच वचन घेतो, पण बाविसाव्या अध्यायाजवळ नेऊन ठेवतो, जिथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बळी द्यायला वेदीवर ठेवतो. पंधराव्या अध्यायात इसहाक जन्मलेलाही नाही. एकाच माणसाच्या आयुष्यातले दोन प्रसंग, मध्ये कित्येक वर्षे. पौलापुढे प्रश्न होता की सुंता आणि नियमशास्त्र पाळल्यावाचून परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, मंडळीत आत घ्यायचे का. याकोबापुढचा माणूस आधीच आत येऊन बसला आहे, आणि उघड्या, उपाशी भावाला म्हणतो आहे : सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा. देत मात्र काहीच नाही. अशा विश्वासाला याकोब मेलेला म्हणतो. भुतेही विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात, हा टोलाही त्याचाच.

आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. ‘सत्कर्म’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात पाठोपाठ ‘पुण्य’ येते, आणि पुण्य म्हटले की साठा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्याय करणारा राजा उजवीकडच्यांना सांगतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. ते गोंधळून विचारतात, प्रभू, कधी? त्यांच्याकडे साठ्याची नोंदच नाही. पेपर लिहिल्याचे आठवत नाही आणि पास झालेले, असे विद्यार्थी मला एकतीस वर्षांत भेटले नाहीत.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या, आणि येशूने स्वर्गाचे वचन दिलेल्या, चोरावरूनही आमच्या घरी वाद होई. वडील म्हणत, बघ, हात खिळलेले, कुठले सत्कर्म केले त्याने? आई म्हणे, दुसऱ्या चोराला दटावले, आपला गुन्हा कबूल केला, ही काय कमी कामे झाली?

फरक उरलाच आहे. कॅथलिक शिकवणीत कृपा माणसाला आतून नीतिमान करते आणि त्या कृपेत केलेल्या कामांनी ते नीतिमत्त्व वाढते. ल्यूथरच्या शिकवणीत देव ख्रिस्तासाठी पाप्याला नीतिमान ठरवतो आणि कामे मागाहून, आपसूक येतात. तरीही ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरला मानणाऱ्या मंडळ्यांची जागतिक संघटना, ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन, यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कर्मांसाठी बोलावतो, एवढे दोघांनी एकत्र म्हटले. २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही, म्हणजे आणखी दोन प्रॉटेस्टंट शाखांनी, त्याला दुजोरा दिला. सगळ्या ल्यूथरनांना हे पटलेले नाही. पण या विषयावर पानभर लिहिताना याचा उल्लेखही नसावा?

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा मी नोकरीत होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आयुष्यभर चर्चच्या मंडळीचे हिशेब सांभाळलेला, आजाऱ्यांना भेटायला जाणारा माणूस अकरा महिने खाटेवर. माझ्या जुन्या पाटीवर डाव्या हाताने त्यांनी वाकडेतिकडे लिहिले : ‘आता काय उपयोग’. आईने पाटी वाचली, पुसली आणि त्यांचे बायबल उघडले. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवे-नववे वचन. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, हे देवाचे दान, कर्मांनी नव्हे. ‘विश्वासा’पाशी ती थांबली आणि त्यांचा तो ‘च’ तिने स्वतः लावला. नववे वचन पानाच्या तळाशी संपत होते. लाल रेघही तिथेच थांबली होती. वडिलांनी डाव्या हाताचे बोट हलवले, पान उलट म्हणून. पुढच्या पानाच्या माथ्यावर दहावे वचन आहे : आपण देवाची हस्तकृती, सत्कृत्यांसाठी ख्रिस्तात निर्माण केलेली. आईने तेही वाचले, पुस्तक उशाशी ठेवले आणि त्यांची कूस बदलायला मला हाक मारली.

आपली,
एक वाचक

ता. क. : लेखात ल्यूथरच्या पंचाण्णव प्रबंधांचे साल १५७१ छापले आहे. ते १५१७ हवे. १५७१ साली ल्यूथरला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.