टोपली दहा फुटांवरच का?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, चार खेळांत रमणारा मुलगा पुढे प्राध्यापक कसा होणार, असं तुम्ही विचारलंत. जेम्स नाइस्मिथ झाला होता. बास्केटबॉल त्याने काढला एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

जन्म १८६१, कॅनडातल्या आल्मॉन्टजवळ. लहानपणीच आई-वडील टायफॉइडने गेले. मध्येच शाळा सोडून तो लाकूडतोडीला गेला, परत आला आणि १८८३ साली मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. तिथे रग्बी, लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ), सॉकर म्हणजे आपला फुटबॉल आणि जिम्नॅस्टिक्स. जिम्नॅस्टिक्समधली विकस्टीड पदकंही त्याचीच. त्यानंतर धर्मशास्त्राची पदविका!

१८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत कवायतीला कंटाळलेल्या अठरा जणांसाठी नवा खेळ शोधायला त्याला चौदा दिवस मिळाले. आधी त्याने जुनेच खेळ आत आणून पाहिले. सॉकर बंदिस्त जागेत आवरेना, लॅक्रॉसच्या काठ्या हातातोंडावर बसू लागल्या. मग त्याने कारण शोधलं. रग्बीत खेळाडूला पाडतात, कारण तो चेंडू घेऊन पळतो. पळणंच बंद केलं, तर पाडायचं कारण उरत नाही. गोल, म्हणजे चेंडू टाकायची चौकट, उभा असला की चेंडू जोरात मारला जातो. तो आडवा करून डोक्यावर नेला, की जोर वाया जातो आणि नेम लागतो. ही युक्ती त्याच्या बालपणीच्या खेळातली. आई, तो आपल्या लगोरीचा चुलतभाऊच म्हण: खडकावरचा दगड दगडाने पाडायचा. सरळ जोरात फेकलेला दगड लांब जातो, तो आणेपर्यंत गडी बाद होतो. उंच, अलगद फेकलेला जवळच पडतो.

त्याने खोकी मागितली होती, शिपायाकडे निघाल्या पीचच्या दोन टोपल्या. सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता, म्हणून त्या तिथे ठोकल्या. नऊ-नऊ जणांच्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू काढायला शिडी लागे.

पुढे त्याने डेन्व्हरला डॉक्टरकी पूर्ण केली आणि १८९८ पासून १९३७ पर्यंत कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवलं. तिथल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून मात्र ५५ विजय, ६० पराभव! त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला तो एकटाच. त्याच्या लेखी हा व्यायाम होता, डावपेच नव्हेत. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

अंगणात रिंग लावणारच असाल, तर दहा फूट (३.०५ मीटर) हे माप जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत घ्या. सुतार ते रिंगमागच्या फळ्याच्या खालच्या कडेला धरेल आणि रिंग अर्धा फूट वर जाईल. फळ्याची खालची कडा २.९० मीटरवर हवी.

तुमची,
सुमी