मिथेन पाण्यात किती आणि हवेत किती, हे वेगवेगळे सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून मिथेन वायू उफाळून येत असल्याची बातमी आपल्या दैनिकाच्या कोकण आवृत्तीत नुकतीच रंगीत नकाशासह प्रसिद्ध झाली. एवढ्या दूरच्या विषयाला आपण पहिल्या पानावर जागा दिलीत, याबद्दल आभार मानतो. तथापि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला मिथेन आणि त्याच समुद्रावरच्या हवेत मोजलेला मिथेन या दोन गोष्टी त्या बातमीत एकच धरल्या गेल्या आहेत. वाचकाचा गैरसमज नेमका तिथेच होतो, म्हणून हे पत्र.

हवेतील मिथेनचे प्रमाण एक अब्ज भागांत किती, या हिशेबाने सांगतात. औद्योगिक युगापूर्वी ते सुमारे ७०० होते; आज ते १,९०० च्या वर गेले आहे. हा वायू हवेत साधारण दशकभरच टिकतो, परंतु २० वर्षांचा काळ धरला तर वजनास वजन त्याची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट भरते. ध्रुवीय समुद्राच्या तळाशी थंडी आणि पाण्याचा दाब यांमुळे बर्फासारख्या घनरूपात अडकलेला मिथेन सुटू लागला तर काय होईल, हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर पाण्याच्या वरच्या हवेत मोजूनच मिळू शकते.

नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेला समुद्रतळातून उठणारे बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक स्तंभ २००८ मधील सफरीत सोनारवर दिसले होते. पुढे २०१४ च्या उन्हाळ्यात त्याच भागात जहाज, विमान आणि डोंगरावरचे वेधकेंद्र यांच्या साहाय्याने एकत्रित मोजणी झाली. तळाजवळच्या पाण्यात मिथेन भरपूर सापडला. वरच्या हवेत मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही. याचे कारण समजायला अवघड नाही. आपल्या खाडीत ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या काळ्या चिखलात काठी खुपसली की निघालेला बुडबुडा वीतभर पाणी ओलांडून लगेच हवेत फुटतो. शेकडो मीटर खोलीवरून निघालेल्या बुडबुड्यातला मिथेन मात्र वर येता येता पाण्यात विरघळतो, विरघळलेल्यापैकी बराचसा मिथेन खाणारे जिवाणू संपवतात, आणि उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या हलक्या पाण्याचा थर वर पसरलेला असल्यामुळे उरलेलाही खालीच अडून राहतो.

पूर्व सैबेरियाच्या उत्तरेकडचा समुद्र याहून पुष्कळ उथळ, सरासरी पन्नासेक मीटर खोलीचा, असल्यामुळे तिथली चिंता अधिक खरी आहे. तिथून दरवर्षी सुमारे ८० लाख टन मिथेन हवेत जात असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१३ मध्ये तो १ कोटी ७० लाख टनांवर गेला. ‘ओडेन’ या स्वीडिश बर्फफोड्या जहाजाने २०१४ मध्ये त्या समुद्रावर हवा आणि पाणी दोन्ही सलग मोजली, तेव्हा हा आकडा वर्षाला सुमारे ३० लाख टनांपर्यंत खाली आला. जगभरातून दरवर्षी सुटणारा मिथेन ५५ कोटी टनांहून अधिक आहे. ही तुलना बातमीत असती तर वाचकाला अंदाज आला असता. अर्थात या मोजण्याही बहुतांशी उन्हाळ्यातल्या आहेत. शरद आणि हिवाळ्यातील वादळे पाण्याचे थर ढवळून काढतात, तेव्हा काय होते याची नोंद फार तुटपुंजी आहे, आणि माझ्या मते काळजीचे खरे कारण हेच आहे.

आता त्या नकाशाविषयी. मिथेन मोजणारे अनेक उपग्रह जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशावर अवलंबून असतात. समुद्र त्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ गिळून टाकतो, त्यामुळे पाण्यावर सूर्य थेट चकाकत असेल तिथेच मोजणी जमते. ध्रुवीय रात्रीत तर सूर्यच नसतो. दुसऱ्या प्रकारचे उपग्रह उष्णतेच्या किरणांवर चालतात व रात्रीही पाहू शकतात, पण थंड पृष्ठभागालगतचा हवेचा थर त्यांना फारसा दिसत नाही, त्यांना कळतो तो मुख्यतः वरच्या हवेतला मिथेन. शिवाय मिथेनचा नाश करणारे हायड्रॉक्सिल हे हवेतले अतिशय क्रियाशील रेणू सूर्यप्रकाशातच तयार होत असल्याने उत्तरेकडच्या हवेत हिवाळ्यात मिथेन दरवर्षीच वाढतो व उन्हाळ्यात घटतो. तेव्हा जानेवारीचा लाल नकाशा जुलैच्या पिवळ्या नकाशाशेजारी छापला की समुद्र फुटल्याचा भास होणारच.

खात्रीची मोजणी जागेवरच करावी लागते. जहाजावर हवा आत घेण्याची नळी धुराड्यापासून दूर, उंच लावतात, आणि वारा मागून येऊन स्वतःच्याच इंजिनाचा धूर नळीत शिरला असेल तर त्या वेळच्या नोंदी बाद करतात. स्वालबार्डवर झेपेलिन डोंगरावर सुमारे ४७५ मीटर उंचीवरील वेधशाळेत हे काम वर्षभर चालते. तिच्या पायथ्याच्या नी-ओलेसुंद या वस्तीतच भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे, आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था आपल्याच किनाऱ्यावर, वास्कोला आहे. ध्रुवावरच्या मिथेनची बातमी आली की आपल्या प्रतिनिधींनी पहिला फोन तिथे करावा, असे सुचवतो.

हवेतील वायू मोजण्याची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. दक्षिण गोव्यातील काब-दे-राम येथे १९९३ पासून काचेच्या कुप्यांत समुद्रावरची हवा भरून ती ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासली गेली. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दक्षिण गोलार्धातली कमी मिथेनची हवा आणतो आणि हिवाळ्यात जमिनीवरून येणारी हवा जास्त मिथेनची असते, हा फरक त्या नोंदींत स्वच्छ उमटला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशी सलग नोंद ठेवणारे एखादे केंद्र असावे, ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी. कुप्या भरण्याचे काम प्रशिक्षण मिळाल्यास इथल्या महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग करू शकतील. तोवर मिथेनच्या प्रत्येक बातमीत मोजणी पाण्यातली की हवेतली, कोणत्या महिन्यातली, आणि उपग्रहावरची की जागेवरची, एवढे अवश्य छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग